बटण दाबण्याआधीच गेलेली अक्षरे

मोबाईलच्या सर्चबॉक्समध्ये आपण ‘गुड’ एवढी दोनच अक्षरे लिहितो आणि खाली यादी येऊन उभी राहते. गुडघेदुखीवर घरगुती उपाय, गुडघ्याचे ऑपरेशन, गुड मॉर्निंगचे फोटो. शोधाचे बटण अजून दाबलेलेही नसते. पुष्कळांना वाटते की मोबाईल हुशार झाला, त्याने आपल्या मनातले ओळखले. खरे पाहता मोबाईलने बहुतेक वेळा काहीच ओळखलेले नसते. त्याने ‘गु’ उचलून दूरच्या एका संगणकाकडे धाडले, मग ‘गुड’ धाडले आणि तिकडून आलेली यादी आपल्यापुढे ठेवली, एवढेच.

म्हणजे आपण जे लिहून पुसले ते पुसण्याआधीच पोहोचले होते. एखाद्या बहिणीने ‘खुला’विषयी अर्धे वाक्य लिहून घाबरून खोडले. एखाद्या तरुणाने ‘कर्ज फेडता आले नाही तर’ एवढे लिहून विचार बदलला. एखाद्या आईने मुलाच्या आजाराचे नाव लिहिता लिहिता मोबाईल बाजूला ठेवला. पडद्यावर काही उरले नाही, पण अक्षरे गेली ती गेलीच. ती कुठे जातात, कोणत्या शोधासाठी त्यांनी घराबाहेर जाणे भाग आहे आणि कोणत्या शोधासाठी मुळीच नाही, हे घरातल्या प्रत्येकाने समजून घ्यावे असे आहे. विषय तांत्रिक वाटला तरी अवघड नाही.

चिठ्ठी आणि खांद्यावरून वाचणारा

आपल्या हातातल्या मोबाईलला संगणकवाले ‘क्लायंट’ म्हणतात, म्हणजे मागणारा. ज्या मोठ्या संगणकाकडे मागणी जाते तो ‘सर्व्हर’, म्हणजे पुरवणारा. वाचनालय डोळ्यांपुढे आणा. पूर्वी आपण पुस्तकाचे नाव चिठ्ठीवर पूर्ण लिहायचो, चिठ्ठी कारकुनाच्या हाती द्यायचो आणि तो आत जाऊन पुस्तक शोधायचा. चिठ्ठी लिहिताना चुकलो तर ती फाडून टाकायचो, कारकुनाला त्याचा पत्ताही लागत नसे. इंटरनेटवरचा शोधही सुरुवातीची अनेक वर्षे असाच चालत असे. शब्द पूर्ण लिहा, बटण दाबा, मग चिठ्ठी जाईल.

गुगलमधील केविन गिब्ज या इंजिनिअरने डिसेंबर २००४ मध्ये ‘गुगल सजेस्ट’ नावाचा प्रयोग लोकांपुढे ठेवला आणि ही रीत बदलली. कामाच्या वेळेपैकी २० टक्के वेळ स्वतःच्या कल्पनेसाठी वापरण्याची मुभा तिथल्या इंजिनिअरांना होती, त्यातून हे निघाले. आता कारकून चिठ्ठीची वाट पाहत नव्हता, तो लिहिणाऱ्याच्या खांद्यावरून प्रत्येक अक्षर वाचत होता. २००८ मध्ये ही सोय गुगलच्या मुख्य पानावर आली. सप्टेंबर २०१० मध्ये कंपनीने आणखी पुढे जाऊन ‘गुगल इन्स्टंट’ आणले. त्यात लिहिता लिहिता नुसत्या सूचनाच नव्हे, थेट शोधाची उत्तरेच बदलत जात. यामुळे दर शोधामागे २ ते ५ सेकंद वाचतात, असा कंपनीचा दावा होता. पुढे बहुतेक शोध मोबाईलवरून होऊ लागले, लहान पडद्यावर हे बरे दिसेना, म्हणून जुलै २०१७ मध्ये इन्स्टंट बंद झाले. सूचनांची यादी मात्र राहिली, आणि आज ती किराणा मागवण्याच्या ॲपपासून रेल्वेच्या तिकिटापर्यंत सगळीकडे आहे.

इतक्या झटपट हे होते कसे? एखादी गोष्ट सेकंदाच्या दहाव्या भागात घडली तर माणसाला ती लगेच घडल्यासारखी वाटते. सर्व्हरने जाऊन-येऊन साधारण तेवढ्यातच उत्तर द्यायचे असते. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला सुमारे २ लाख किलोमीटर धावतो, म्हणून अंतराचा अडथळा वाटतो त्याहून कमी असतो. शिवाय मोठ्या कंपन्यांनी आता आपल्या जवळच संगणक मांडून ठेवले आहेत. ॲमेझॉनने २०१६ मध्ये आणि गुगलने २०१७ मध्ये आपल्या क्लाउड सेवेचे केंद्र मुंबई परिसरात सुरू केले. सर्व्हरवर शब्दांची मांडणी झाडासारखी केलेली असते. ‘गु’ या फांदीवरून ‘गुड’ ही डहाळी, तिच्यावर ‘गुडघा’ आणि ‘गुडघेदुखी’. लिहिणारा जसा पुढे सरकतो तसा सर्व्हर त्या डहाळीवर सरकतो आणि तिथे आधीच लावून ठेवलेली सर्वांत लोकप्रिय नावे परत धाडतो. आपला मोबाईलही थोडे काम करतो. आपण भराभर लिहीत असलो तर तो क्षणभर थांबतो, सेकंदाचा पाव भाग वगैरे, आणि बोट थांबले की मगच अक्षरे पाठवतो. नुकतीच आलेली यादी तो जपूनही ठेवतो, म्हणजे एक अक्षर पुसले तर पुन्हा विचारावे लागत नाही.

सगळे जग मोबाईलमध्ये मावत नाही, म्हणून जगाचा शोध सर्व्हरवर होणे समजण्यासारखे आहे. इथवर तक्रारीचे कारण नाही. प्रश्न पुढे येतो.

जे मोबाईलमध्ये मावते त्याचे काय?

आपण दिवसभरात करतो ते सगळेच शोध जगाचे नसतात. मावशीचा नंबर शोधणे हा मोबाईलच्या आतला शोध आहे. व्हॉट्सॲपवर जुना निरोप शोधतो तेव्हाही काम मोबाईलवरच होते, आणि त्याला कारण आहे. एप्रिल २०१६ पासून व्हॉट्सॲपचे निरोप पाठवणाऱ्याच्या मोबाईलवर कुलूपबंद होतात आणि घेणाऱ्याच्या मोबाईलवर उघडतात. मधल्या सर्व्हरला ते वाचताच येत नाहीत, मग तो शोधणार काय? याउलट जीमेलमधला मेल शोधताना आपला शब्द सर्व्हरवर जातो, कारण पत्रांची थप्पी तिथेच आहे. दोन्ही ठिकाणी सर्चबॉक्स सारखाच दिसतो, पण आतली व्यवस्था पूर्ण निराळी.

आता पवित्र कुरआनच्या ॲपचा विचार करा. कुरआनचा संपूर्ण अरबी मजकूर मोबाईलवर काढलेल्या एका साध्या फोटोपेक्षा कमी जागेत मावतो. मराठी, उर्दू असे दोन-तीन अनुवाद त्यात घातले तरी फार भर पडत नाही. म्हणजे ‘सब्र’ किंवा ‘यतीम’ हा शब्द कोणकोणत्या आयतींत आला आहे हे शोधायला इंटरनेटची काहीच गरज नाही. मोबाईल स्वतः ते क्षणात शोधू शकतो. तरीही एखादे ॲप तो शब्द बाहेर पाठवत असेल, तर त्यामागे बनवणाऱ्याचा आळस तरी असतो किंवा कुणाचा फायदा तरी.

नमाजच्या वेळांचे तर याहून सोपे आहे. फजर आणि इशासाठी सूर्य क्षितिजाखाली किती अंश आहे हे पाहतात. आपल्या उपखंडात पुष्कळ ठिकाणी वापरली जाणारी कराचीची पद्धत १८ अंश धरते. जुहर सूर्य माथ्यावरून ढळल्यावर, मगरिब सूर्यास्ताला. असर सावलीवरून ठरते. शाफई मताप्रमाणे सावली वस्तूच्या उंचीइतकी वाढली की, हनफी मताप्रमाणे दुप्पट झाली की. म्हणूनच कोकणातल्या शाफई मशिदीत आणि मराठवाड्यातल्या हनफी मशिदीत असरच्या वेळेत बराच फरक दिसतो. या सगळ्याला लागतात फक्त तारीख, अक्षांश आणि रेखांश. हे गणित शंभर वर्षांपूर्वी लोक कागदावर करत, आजच्या मोबाईलला त्याचे ओझे वाटायला नको.

लोकेशनही मीटरमीटरचे नको असते. रेखांशाच्या एका अंशाला ४ मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि नागपूर यांच्या जुहरमध्ये साधारण २५ मिनिटांचे अंतर आहे ते त्यामुळेच. महाराष्ट्रात पूर्व-पश्चिम सुमारे २५ किलोमीटर सरकावे तेव्हा वेळ एका मिनिटाने बदलते. ॲपला आपले शहर कळले तरी पुरे. आपण कोणत्या गल्लीत, कोणाच्या घरी आणि किती वेळ बसलो होतो, हे कळण्याचे नमाजच्या वेळेशी काही नाते नाही.

आणि तरीही ते घडले. नोव्हेंबर २०२० मध्ये ‘मदरबोर्ड’ या अमेरिकन नियतकालिकाने शोधून काढले की ‘मुस्लिम प्रो’ या नमाजच्या ॲपमधून वापरणाऱ्यांचे लोकेशन ‘एक्स-मोड’ नावाच्या कंपनीकडे जात होते, आणि ही कंपनी आपला माल ज्यांना विकत होती त्यांत अमेरिकन लष्करासाठी काम करणारे कंत्राटदार होते. त्या वेळी हे ॲप जगभरात ९ कोटींहून अधिक वेळा उतरवले गेले होते. मुस्लिम प्रोने लष्कराला माहिती विकल्याचा इन्कार केला आणि एक्स-मोडशी संबंध तोडल्याचे जाहीर केले. दोनच महिन्यांत ‘सलात फर्स्ट’ या दुसऱ्या ॲपबद्दल तशीच बातमी आली, तिथे माहिती घेणारी कंपनी फ्रेंच होती. पुढे जानेवारी २०२४ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने एक्स-मोडला संवेदनशील ठिकाणांचे लोकेशन विकण्यास मनाई केली. माणूस वजू करून किब्ल्याकडे तोंड करतो आणि त्याच वेळी त्याच्या खिशातले यंत्र तो कुठे उभा आहे हे तिऱ्हाइताला कळवते, याची चीड यावी तितकी थोडीच.

लखोटा बंद, पण वजन कळते

कुणी म्हणेल, आता तर सगळे कुलूपबंदच जाते, ब्राउझरमध्ये पत्त्याशेजारी कुलपाचे चित्र असते. खरे आहे. पण अक्षरागणिक जाणाऱ्या शोधाचे एक वेगळेच दुखणे आहे. ते २०१० मध्ये इंडियाना विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्टच्या संशोधकांनी उघडे केले. पोस्टात बंद लखोटा वाचता येत नाही, पण त्याचे वजन करता येते. ‘म’ लिहिल्यावर येणारी यादी आणि ‘क’ लिहिल्यावर येणारी यादी यांची लांबी वेगळी असते, म्हणून लखोट्याचे वजनही वेगळे. एका लखोट्यावरून काही कळणार नाही, पण एकामागून एक सहा अक्षरांचे सहा लखोटे जात असतील, तर त्या वजनांच्या मालिकेवरून शब्द ओळखता येतो. वायफाय ऐकत बसलेल्या माणसाला कुलूप न उघडताच आरोग्याच्या साइटवर निवडलेल्या आजाराचा सुगावा लागू शकतो, हे त्यांनी दाखवून दिले. पूर्ण शब्द एकदाच गेला असता तर हे एवढे सोपे झाले नसते.

दुसरे उदाहरण मला जास्त बोलके वाटते, कारण त्यात शोधणारा जगात काही शोधतच नव्हता. ऑक्टोबर २०१२ मध्ये उबुंटू या मोफत संगणकप्रणालीची १२.१० ही आवृत्ती आली. तिच्यात स्वतःच्या संगणकातली फाईल शोधायला नाव लिहू लागले की तीच अक्षरे कॅनॉनिकल या कंपनीच्या सर्व्हरवर जात आणि फाईलच्या जोडीला ॲमेझॉनवरच्या विक्रीच्या वस्तू दिसत. आपल्याच कपाटात आपलेच कागद चाळताना दुकानदाराने मागून माल दाखवावा तसा हा प्रकार. मुक्त सॉफ्टवेअर चळवळीचे प्रवर्तक रिचर्ड स्टॉलमन यांनी त्याला सरळ हेरगिरी म्हटले. टीका वाढत गेली आणि २०१६ च्या आवृत्तीत ही सोय मुळातच बंद ठेवून दिली गेली. लोक बोलले म्हणून बदल झाला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे.

फॉर्म भरतानाही असेच घडते. युरोपातील काही विद्यापीठांच्या संशोधकांनी २०२२ मध्ये १ लाख वेबसाइट तपासल्या. ‘पाठवा’चे बटण दाबण्याआधीच लिहिलेला ईमेल पत्ता जाहिरातवाल्या आणि माग काढणाऱ्या कंपन्यांकडे जाऊ देणाऱ्या साइट युरोपातून पाहता १,८४४ निघाल्या, अमेरिकेतून पाहता २,९५०.

नावे काढून टाकली की भागले, असेही नाही. ऑगस्ट २००६ मध्ये एओएल कंपनीने अभ्यासकांसाठी साडेसहा लाख लोकांचे सुमारे २ कोटी शोध खुले केले. नावाच्या जागी फक्त क्रमांक होते. काही दिवसांतच ‘न्यूयॉर्क टाइम्स’च्या बातमीदारांनी एका क्रमांकामागची वृद्ध महिला नुसत्या तिच्या शोधांवरून हुडकून काढली. गावाचे नाव, आडनावाच्या नातलगांचा शोध, दुखण्यांची चौकशी. माणूस स्वतःविषयी सर्वांत खरे बोलतो ते बहुधा सर्चबॉक्सशी.

इस्लाममध्ये या गोष्टीला किती वजन आहे ते वाचकांना ठाऊक आहे. सूरह अल-हुजुरातच्या १२ व्या आयतीत टोह घेण्याला मनाई आहे. सूरह अन-नूरच्या २७ व्या आयतीत दुसऱ्याच्या घरात परवानगी घेऊन, सलाम करून जाण्याची शिकवण आहे. आपल्या देशातही सर्वोच्च न्यायालयाच्या ९ न्यायमूर्तींच्या पीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. २०२३ मध्ये त्यावर डिजिटल माहितीच्या संरक्षणाचा कायदा झाला, त्यात १८ वर्षांखालील मुलांची माहिती वापरण्याआधी पालकांची संमती घेण्याची अट आहे.

घरातला मोबाईल एकच असेल तर

आतापर्यंतचे वाचून असे वाटेल की मोबाईलवरच होणारा शोध तेवढा सुरक्षित. आपल्या घरांत ते तसे नसते. कित्येक कुटुंबांत एक मोबाईल तिघे-चौघे वापरतात, सून, सासू, शाळेतला मुलगा. मोबाईल स्वतःच्या आठवणीतून जी यादी काढतो तीच तिथे उघडी पाडते. सकाळी सुनेने डॉक्टरकडे जाण्याआधी काही शोधलेले असते, संध्याकाळी मुलगा पहिले अक्षर लिहितो आणि ते वर येते. तिच्या दृष्टीने हजारो मैलांवरच्या सर्व्हरपेक्षा हीच यादी जास्त धोक्याची.

म्हणून उपाय दोन्हीकडचे हवेत. ब्राउझरमध्ये ‘इन्कॉग्निटो’ उघडून शोधले तर मोबाईलच्या इतिहासात नोंद राहत नाही. पण शोधाचे बटण दाबल्यावर तो शब्द कंपनीकडे जातोच, तिच्यापासून लपवणे हे त्या सोयीचे काम नव्हे. क्रोमच्या सेटिंगमध्ये ‘गुगल सर्व्हिसेस’ या भागात शोधाच्या सूचना सुधारण्याचा पर्याय असतो. तो बंद केला की वरच्या पत्त्याच्या पट्टीत लिहिलेली अक्षरे बटण दाबण्याआधी जात नाहीत. गुगलच्या पानावरच्या स्वतःच्या बॉक्सला मात्र हा नियम लागू होत नाही, तिथे अक्षरे जातच राहतात. २००८ मध्ये टीका झाल्यावर, या अर्धवट अक्षरांची जी थोडी नोंद आपण ठेवतो तिच्यातली ओळख २४ तासांत पुसू, असे गुगलने सांगितले होते. ज्याला नाजूक विषय शोधायचा आहे त्याने दुसऱ्याच्या खात्यावरून न शोधलेले बरे, कारण खाते एकच असेल तर दुबईत बसलेल्या भावाच्या मोबाईलवरही तो इतिहास दिसू शकतो.

ॲप तपासण्याची एक युक्ती कोणालाही जमेल. मोबाईल विमान मोडमध्ये टाका, वायफायही बंद करा, आणि मग कुरआनमधला शब्द शोधा, नमाजची वेळ पाहा, किब्ल्याची दिशा बघा. उत्तर आले तर काम मोबाईलवर होते आहे. न आले तर ते बाहेर जाते आहे. नुसत्या या परीक्षेने सगळे कळत नाही, कारण काही ॲप नोंद जपून ठेवतात आणि इंटरनेट मिळाल्यावर पाठवतात. म्हणून लोकेशनची परवानगीही पाहावी. अँड्रॉइड १२ पासून आणि आयफोनच्या आयओएस १४ पासून नेमक्याऐवजी अंदाजे लोकेशन देण्याची सोय आहे. नमाजच्या ॲपला तेवढे पुष्कळ झाले, हे वरच्या हिशेबावरून दिसलेच आहे.

शेवटी एक गोष्ट आपल्या तरुण इंजिनिअरांशी. हल्ली मशिदीचे वेळापत्रक, रिश्ते जुळवणे, जकातचा हिशेब अशी ॲप गावोगावी आपलीच मुले-मुली बनवत आहेत, आणि काम चांगले करतात. शोध आणि हिशेब कुठे करायचा हे पहिल्याच दिवशी ठरवायचे असते, नंतर ते बदलणे जड जाते. जकातचेच घ्या. बहीण त्यात लिहिते : सोने इतके, रोकड इतकी, कुणाला उसने दिलेले इतके. निसाब साडेसात तोळे सोने किंवा साडेबावन्न तोळे चांदी, म्हणजे सुमारे ८७ ग्रॅम किंवा ६१२ ग्रॅम. त्यावर अडीच टक्के. हा गुणाकार पाचवीतला मुलगा करतो, त्यासाठी तिच्या दागिन्यांचे वजन सर्व्हरवर पाठवण्याची काय गरज? बाहेरून लागतो तो फक्त त्या दिवसाचा सोन्या-चांदीचा भाव. तो मोबाईलने रोज सकाळी एकदा उतरवून घ्यावा, आकडे मोबाईलवरच राहू द्यावेत, आणि ॲपच्या पहिल्याच पानावर, कुणालाही कळेल अशा मराठीत, तसे लिहून ठेवावे.